घटक ५ : रहस्यकादंबरी, प्रणयकादंबरी आणि वाचकाचा प्रांजळ अभिप्राय

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• मराठीतील रहस्यप्रधान व प्रणयप्रधान कादंबरीच्या परंपरेची स्थूल रूपरेषा सांगता येईल.
• 'आवड', 'अभिप्राय' आणि 'समीक्षा' यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• रहस्यकादंबरी व प्रणयकादंबरी यांचे मूल्यमापन करण्याचे निकष उदाहरणांसह मांडता येतील.
• स्वतः वाचलेल्या कादंबरीवर साधार व प्रांजळ अभिप्राय लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण कादंबरी या वाङ्मयप्रकाराचे घटक अभ्यासले. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन आणि भाषा या संज्ञा आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. या घटकात त्या आपल्याला अशा पुस्तकांना लावून पाहायच्या आहेत, ज्यांचा उल्लेख अभ्यासक्रमात सहसा येत नाही, पण ज्यांची पाने वाचनालयात सर्वांत जास्त झिजलेली असतात. ही पुस्तके म्हणजे रहस्यकादंबऱ्या आणि प्रणयकादंबऱ्या.

आपण कोणत्या कादंबऱ्या वाचता, असे विचारले असता दूरशिक्षणाचे अनेक विद्यार्थी प्रथम पारितोषिकप्राप्त कादंबऱ्यांची नावे सांगतात. आणखी थोडे विचारल्यावर ओशाळून म्हणतात, 'तसे काही विशेष नाही, वेळ घालवायला काहीबाही वाचतो.' या 'काहीबाही'त काय असते? जाफराबादहून जालन्याला किंवा चिखलीला जाणाऱ्या एस.टी.त वाचलेली, मुखपृष्ठ फाटलेली गुप्तहेरकथा असते; स्वयंपाक आवरल्यावर आणि मुले झोपल्यावर वाचलेली प्रेमकथा असते. अनेकांच्या वाचनाचा पाया अशाच पुस्तकांनी घातलेला असतो. तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्यांना स्थान नाही, असे आपण गृहीत धरतो.

हे गृहीतक एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे. ज्याने शंभर रहस्यकादंबऱ्या वाचल्या आहेत, त्याला कोणते रहस्य प्रामाणिकपणे रचले आहे आणि कोणते ओढूनताणून, हे नक्की कळते. हे कळणे हे वाङ्मयीन ज्ञानच होय. त्याला उणीव असते ती केवळ शब्दांची आणि स्वतःच्या मतावरील विश्वासाची. ते शब्द आणि तो विश्वास आपल्याला मिळावा, हा या घटकाचा हेतू आहे.

५.२ परंपरा : 'कादंबरी' हे नाव आणि त्यामागची वाट

प्रणयकथेकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठीत या वाङ्मयप्रकाराला मिळालेले 'कादंबरी' हे नावच मुळात एका प्रणयकथेचे आहे. सातव्या शतकातील संस्कृत गद्यकार बाणभट्ट याच्या कथाग्रंथाचे आणि त्यातील नायिकेचे हे नाव आहे. म्हणजे प्रेमकथा हा कादंबरीच्या घराचा परसदार नव्हे. घराच्या दारावर तिच्याच नावाची पाटी आहे.

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात दोन प्रवाह दिसतात. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत विधवांच्या स्थितीचा सामाजिक प्रश्न आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्या मात्र अद्भुतरम्य आहेत. विरह, संकटे, योगायोग आणि शेवटी मीलन अशी त्यांची घडण आहे. या प्रवाहावर टीकाही लवकरच सुरू झाली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक ह्याविषयी निबंध' लिहून अशा कथांतील असंभाव्यतेकडे लक्ष वेधले. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये 'कादंबरी' हा दीर्घ निबंध लिहिला आणि अद्भुत व वास्तव यांच्या कसोटीवर मराठी कादंबरीची झडती घेतली. म्हणजे 'लोक हे का वाचतात?' हा प्रश्न मराठीत दीडशे वर्षे विचारला जात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गो. ना. दातार यांच्या 'कालिकामूर्ती'सारख्या कादंबऱ्यांनी अद्भुत आणि रहस्य यांची सांगड घातली. त्यानंतर ना. सी. फडके यांनी 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) अशा कादंबऱ्यांतून सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुण-तरुणींच्या प्रणयाला रेखीव तंत्राची जोड दिली. 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात त्यांनी या तंत्राची चर्चाही केली. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपण अन्य अभ्यासपत्रिकेत पाहिला आहे.

रहस्यकथेच्या क्षेत्रात बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचे नाव अग्रभागी आहे. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर जाते. गुरुनाथ नाईक यांनीही शेकडो रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा कॅप्टन दीप विशेष लोकप्रिय झाला. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी अशी पात्रे उभी केली. त्याच लेखकाने 'दुनियादारी' (१९८२) ही महाविद्यालयीन जीवनावरची कादंबरीही लिहिली. नारायण धारप यांनी भयकथेचे दालन समृद्ध केले. चंद्रकांत काकोडकर यांच्या प्रणयप्रधान कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग होता. त्यांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवर 'दो रास्ते' (१९६९) हा हिंदी चित्रपट निघाला.

ही पुस्तके वाचकापर्यंत पोहोचली ती मुख्यतः वाचनालयांतून. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या वाचकाला वर्गणी भरून आठवड्याला दोन-तीन कादंबऱ्या नेता येत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला आणि तालुक्याच्या, मोठ्या खेड्यांच्या पातळीवर वाचनालये वाढली. मराठवाड्यात या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे उच्च शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू होती. अशा स्थितीत मराठी पुस्तक घरी नेणे म्हणजे भाषेशी नाते टिकवणे होते. ते पुस्तक गुप्तहेरकथेचे असले, तरी ते मराठीच होते. पूर्णा आणि केळणा यांच्या संगमावरील जाफराबादसारख्या गावातला वाचक या मोठ्या वाटेवरचाच प्रवासी आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) 'कादंबरी' ही संज्ञा कोणत्या ग्रंथावरून आली?
(आ) १८७२ मध्ये कादंबरीवर निबंध लिहिणाऱ्या टीकाकाराचे नाव लिहा.
(इ) धनंजय व छोटू ही पात्रे कोणत्या लेखकाची आहेत?

५.३ दोन वेगळे प्रश्न : 'शामा' कथेचा खटला

लोकप्रिय पुस्तकांविषयी बोलताना आपण बहुधा दोन प्रश्नांची गल्लत करतो. 'हे पुस्तक चांगले लिहिलेले आहे का?' हा एक प्रश्न. 'हे पुस्तक वाचणे वाईट आहे का?' हा दुसरा. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणारी एक घटना मराठी साहित्याच्या इतिहासात घडलेली आहे.

चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. कथेत एका पुरुषाचे वेगवेगळ्या स्त्रियांशी आलेले संबंध चित्रित आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये त्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

विद्यार्थी म्हणून आपल्याला या निकालातील विचारपद्धती महत्त्वाची आहे. न्यायालयाने कथेतील निवडक ओळी न पाहता ती समग्र वाचली. कथेची वाङ्मयीन गुणवत्ता उच्च नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्यामुळे ती वाचकाला भ्रष्ट करणारी ठरत नाही, असा निर्वाळा दिला. समाजाची मापे बदलत असतात, हेही लक्षात घेतले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने यातून तीन सूत्रे घ्यावीत. पहिले, कृती समग्र वाचल्याशिवाय मत देऊ नये. दुसरे, 'कलाकृती सामान्य आहे' असे म्हणताना 'ती अपायकारक आहे' असे सुचवू नये. तिसरे, एखादे पुस्तक वाचण्याच्या इतरांच्या हक्काची बाजू घेण्यासाठी ते उत्तम आहे असे म्हणण्याची गरज नाही. घरातल्या सुनेच्या किंवा मुलीच्या हातातील कादंबरी पाहून कपाळावर आठी घालणारे बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या आडून देत असतात. आपण तसे करू नये आणि आपल्याबाबत कोणी तसे केल्यास ते ओळखावे.

५.४ आवड, अभिप्राय आणि समीक्षा

'मला ही कादंबरी आवडली' ही आवड झाली. ती खरीच असते; तिच्याविषयी वाद होऊ शकत नाही. 'मला ही कादंबरी आवडली, कारण गुन्हेगार शेवटपर्यंत समोर असूनही ओळखता आला नाही' हा अभिप्राय झाला. येथे कारण आले, आणि कारण आले की दुसऱ्याला ते तपासता येते. हेच कारण त्या प्रकारच्या परंपरेशी, अन्य कृतींशी आणि वाङ्मयीन तत्त्वांशी जोडून पाहिले की समीक्षेला आरंभ होतो. आवड ही पहिली पायरी आहे. तिला वगळून वर जाता येत नाही आणि तिच्यावरच बसून राहिल्यास वरचे दिसत नाही.

प्रांजळ आवडीतून समीक्षा कशी उभी राहते, याची दोन उदाहरणे इंग्रजी साहित्यात आहेत. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये एका लेखात रहस्यकादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, असे रोखठोक सांगितले. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'रॉजर ॲक्रॉईड' (१९२६) या गाजलेल्या कादंबरीचा उल्लेख त्यांनी लेखाच्या शीर्षकातच उपरोधाने केला. उलट, कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ च्या एका निबंधात आपल्याला रहस्यकथांचे व्यसन आहे, ही कबुली देऊन लेखनाला आरंभ केला. कथा संपताच ती आपण विसरतो, हेही त्यांनी लपवले नाही. मग हे व्यसन का जडते, याचा शोध घेत ते अपराध आणि निरागसता यांच्या विवेचनापर्यंत पोहोचले. दोघांची मते परस्परविरुद्ध आहेत; परंतु दोघांनीही आपल्या वाचनाविषयी खरे सांगितले, म्हणून दोघांचेही लेखन आज उपयोगी पडते.

५.५ रहस्यकादंबरीचे मूल्यमापन : निकष

(१) धाग्यादोऱ्यांचा प्रामाणिकपणा. रहस्यकादंबरी हा लेखक आणि वाचक यांच्यातील एक करार असतो. लेखकाने वाचकाला चकवावे, पण फसवू नये. उकल करण्यासाठी आवश्यक असलेले धागेदोरे त्याने वाचकासमोर ठेवलेले असावेत. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये यासाठी दहा नियम सांगितले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात आलेला असावा, गुप्त वाट एकाहून अधिक नसावी, पूर्वसूचनेवाचून जुळी भावंडे अवतरू नयेत, अशा स्वरूपाचे ते नियम आहेत. त्यांत थोडा विनोदही आहे. पण त्यामागील तत्त्व गंभीर आहे.

ऑर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०२) ही कादंबरी मराठी वाचकांनाही भाषांतरांतून परिचित आहे. तीत लंडनच्या एका हॉटेलातून नायकाचा नवा बूट चोरीला जातो. मग जुना बूट नाहीसा होतो आणि नवा परत मिळतो. प्रथम वाचताना हा प्रसंग किरकोळ, किंचित हास्यास्पद वाटतो. पुस्तक संपल्यावर मात्र कळते की उकलीची एक किल्ली तेथेच, उघड्यावर ठेवलेली होती. जुनाच बूट का हवा होता, हे येथे सांगत नाही. आपण स्वतः वाचून पाहावे. वाचक स्वतःवर चिडावा, लेखकावर नव्हे, ही चांगल्या रहस्यकादंबरीची खूण आहे.

(२) गुन्ह्याचे कारण. गुन्हा कसा झाला एवढेच पुरेसे नाही; त्या माणसाने तो का केला, हे पटावे लागते. अनेक कादंबऱ्यांत पद्धत अतिशय चतुर असते आणि हेतू मात्र शेवटच्या पानावर कसाबसा चिकटवलेला असतो.

(३) योगायोगाचे प्रमाण. योगायोगाने संकट आले तर वाचक ते स्वीकारतो. योगायोगानेच सुटका झाली तर त्याचा विरस होतो.

(४) भूमीचे भान. परदेशी कथेवरून रचलेल्या मराठी कादंबरीत वाडा, बग्गी, पिस्तूल आणि गुप्त खोली जशीच्या तशी येते. पण पंचनामा, साक्षीदार, तालुक्याचे पोलीस ठाणे, शेतीच्या बांधावरून चाललेली तीन पिढ्यांची तेढ यांचा मागमूस नसतो. ज्या वाचकाने स्वतः कोर्टाच्या तारखा पाहिल्या आहेत, सातबारासाठी तलाठी कार्यालयात खेटे घातले आहेत, त्याला ही उणीव तात्काळ जाणवते. आपल्या या अनुभवाचा उपयोग करावा. प्रौढ विद्यार्थ्याजवळ असणारे हे भांडवल आहे.

(५) मालिकेची मर्यादा. ज्या लेखकाने शेकडो पुस्तके लिहिली, त्याची सर्व पुस्तके सारख्या ताकदीची असणे अशक्य आहे. म्हणून 'अर्नाळकर उत्तम' किंवा 'नाईक सामान्य' अशी सरसकट विधाने टाळावीत. कोणत्या पुस्तकाविषयी बोलत आहोत, ते नावानिशी सांगावे.

५.६ प्रणयकादंबरीचे मूल्यमापन : निकष

प्रणयकादंबरीचा शेवट वाचकाला आरंभीच माहीत असतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खराही आहे. परंतु कीर्तनात आख्यानाचा शेवट श्रोत्यांना माहीत असतो म्हणून कोणी उठून जात नाही. येथे उत्सुकता 'काय होईल' याची नसते. 'कसे होईल' याची असते. म्हणून निकषही वेगळे लागतात.

(१) अडसराचे स्वरूप. दोघांच्या मध्ये उभा असलेला अडसर खरा आहे की एका वाक्याच्या खुलाशाने दूर होणारा गैरसमज आहे? आपल्या समाजात जात, हुंडा, शिक्षण, वय, आईवडिलांची इभ्रत असे खरे अडसर असंख्य आहेत. ते सोडून हरवलेल्या पत्रावर दोनशे पाने चालणारी कादंबरी वाचकाच्या संयमाची परीक्षा घेते.

(२) नायिकेची इच्छा. नायिका स्वतः काही ठरवते का, की तिच्याविषयी सर्व काही इतरच ठरवतात? तिने 'नाही' म्हटले असता नायक ते ऐकतो का? नायकाचा हट्ट प्रेम म्हणून गौरवलेला असेल, तर वाचकाने ते स्पष्ट नोंदवावे.

(३) भाषेचा अतिरेक. चांदणे, मोगरा, थरथरणारे ओठ हे शब्द प्रथम वाचताना सुंदर वाटतात. दहाव्यांदा ते रिकामे होतात. प्रसंगानुसार भाषा बदलते का, हे पाहावे.

(४) भोवतालचे जग. प्रेमिकांना पोटापाण्याचा उद्योग आहे का? पगार, भाडे, आजारी आई, धाकट्या बहिणीचे लग्न या गोष्टी कथेत आहेत का? त्या नसतील तर ते एक स्वप्न आहे. स्वप्न वाचण्यास हरकत नाही. मात्र ते स्वप्न आहे हे ओळखून वाचावे.

या संदर्भात अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यांनी प्रणयकादंबऱ्यांवर केवळ ग्रंथालयात बसून मत दिले नाही. एका गावातील नियमित वाचक स्त्रियांना प्रश्न विचारले. त्या स्त्रियांच्या उत्तरांतून दिसले की वाचनाचा वेळ हा त्यांना इतरांची उस्तवार करण्यातून मिळालेला स्वतःचा वेळ वाटत होता. त्यांच्या आवडीनिवडीही नेमक्या होत्या : नायिका बुद्धिमान हवी, हिंसक प्रसंग नकोत. म्हणजे ज्यांना जग 'काहीही वाचणाऱ्या' समजत होते, त्या स्त्रिया प्रत्यक्षात चोखंदळ होत्या. प्रश्न विचारणारा भेटला नव्हता, इतकेच.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'चकवावे, पण फसवू नये' या विधानाचा अर्थ दोन-तीन वाक्यांत लिहा.
(आ) प्रणयकादंबरीतील 'खरा अडसर' आणि 'गैरसमजाचा अडसर' यांत भेद काय?

५.७ अभिप्रायाचा नमुना : दोन मसुदे

वि. स. खांडेकर यांची 'अमृतवेल' (१९६७) ही कादंबरी प्रणय आणि रहस्य यांच्या सीमेवर उभी आहे. नंदाचा नियोजित वर शेखर विमान अपघातात मृत्यू पावतो. खचलेली नंदा वसुंधरा या मैत्रिणीची सोबतीण म्हणून तिच्या बंगल्यावर राहायला जाते. वसुंधरा आणि तिचा पती देवदत्त यांच्यात दुरावा आहे. त्यामागे काही दडलेले आहे. समजा, जाफराबाद येथील एका विद्यार्थिनीने या कादंबरीवर लिहायचे ठरवले. ती दिवसा एका दुकानात हिशेब लिहिते आणि रात्री अभ्यास करते. तिचा पहिला मसुदा असा असू शकेल :

'अमृतवेल ही अतिशय सुंदर व हृदयस्पर्शी कादंबरी आहे. लेखकाची भाषा ओघवती आहे. सर्व पात्रे जिवंत वाटतात. ही कादंबरी प्रत्येकाने वाचावी.'

या चार वाक्यांत एकही चूक नाही आणि एकही मत नाही. पुस्तकाचे नाव बदलले तरी ती तशीच शोभतील. आता तिचा दुसरा मसुदा वाचा :

'अमृतवेल मी तीन रात्रींत वाचली. नंदाचे दुःख आरंभी इतके खरे आहे की मला मधेच पुस्तक मिटावे लागले. वडिलांनी तिला लिहिलेले पत्र मी दोनदा वाचले. आपल्याकडे वडील मुलीशी असे बोलत नाहीत, म्हणून असेल. बंगल्यावर आल्यानंतर देवदत्तांच्या भूतकाळात काय आहे, या उत्सुकतेने मी पुढे वाचत गेले. पण एक गोष्ट खटकली. या कादंबरीतील बहुतेक माणसे उपमा देत, सुभाषितांसारखे बोलतात. दुःखात माणूस इतके सुंदर बोलत नाही. पुष्कळदा तो बोलतच नाही. दुसरे असे की देवदत्तांचे दुःख मला समजले, वसूचे मात्र मला नंदाच्या नजरेतूनच पाहावे लागले. ज्या बाईने रोज त्या घरात दिवस काढले, तिने स्वतः आपली बाजू सांगितली असती तर मी कोणाची कीव केली असती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तरीही हे पुस्तक मी बहिणीला देणार आहे. तिला सध्या त्या पत्राची गरज आहे.'

दुसऱ्या मसुद्यातील बलस्थाने पाहा. प्रत्येक मताला पुस्तकातील आधार आहे. स्तुती आणि आक्षेप एकत्र नांदतात. आक्षेप दोन वाङ्मयीन संज्ञांशी थेट जोडता येतात : 'पात्रांची भाषा' आणि 'निवेदनाचा दृष्टिकोन'. विद्यार्थिनीने त्या संज्ञा वापरलेल्या नाहीत. परीक्षेत त्या वापरल्यास उत्तर पूर्ण होईल. शिवाय रहस्य काय आहे, हे तिने सांगितलेले नाही. शेवटचे वाक्य तर हेही दाखवते की एखाद्या पुस्तकातील उणीव दिसूनही ते पुस्तक आपल्या माणसाच्या हाती द्यावेसे वाटू शकते. या दोन गोष्टींत विरोध नाही.

खांडेकर हे ज्ञानपीठ पुरस्काराने सन्मानित झालेले पहिले मराठी साहित्यिक. अशा लेखकाविषयी आक्षेप नोंदवावा का, असा संकोच काहींना वाटेल. आक्षेप साधार असेल तर तो अवश्य नोंदवावा. आदर आणि मौन या एकच गोष्टी नव्हेत. त्याच न्यायाने, मासिकाच्या जाड कागदावर छापलेल्या अनामिक गुप्तहेरकथेत एखादे प्रकरण उत्तम साधले असेल, तर तेही तितक्याच निःसंकोचपणे सांगावे.

५.८ प्रांजळपणाची पथ्ये

(१) न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये. चित्रपट पाहिला म्हणजे कादंबरी वाचली असे होत नाही. 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये चित्रपट आला. चित्रपट आणि कादंबरी या दोन स्वतंत्र कृती आहेत. कथानकातही फरक पडतात.

(२) रहस्यभंग करू नये. उकल सांगणे अपरिहार्य असेल तर तशी पूर्वसूचना द्यावी. वाचनालयाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर खुन्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवणाऱ्या वाचकाचे अनुकरण करू नये.

(३) लेखनावर बोलावे, लेखकावर किंवा त्याच्या वाचकांवर नव्हे. 'असली पुस्तके अडाणी लोक वाचतात' हे वाक्य पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. बोलणाऱ्याविषयी मात्र पुष्कळ सांगते.

(४) आवडलेल्याची लाज बाळगू नये आणि न आवडलेल्याची खोटी स्तुती करू नये. परीक्षक खूश होईल म्हणून लिहिलेले कौतुक परीक्षकाला तात्काळ ओळखू येते.

(५) मत बदलण्यास मोकळीक ठेवावी. विसाव्या वर्षी वाचलेली प्रेमकथा चाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचल्यास वेगळी दिसते. पुस्तक तेच असते. वाचक पुढे गेलेला असतो. दोन्ही वेळची मते लिहून ठेवल्यास आपल्याच जीवनाचा एक आलेख हाती येतो.

५.९ सारांश

मराठीत रहस्य आणि प्रणय या दोन्ही प्रवाहांची परंपरा कादंबरीच्या जन्मापासूनची आहे. हळबे, रिसबूड, दातार, फडके, अर्नाळकर, काकोडकर, नाईक, शिरवळकर आदी लेखकांनी मोठा वाचकवर्ग घडवला आणि वाचनालयांनी तो टिकवला. 'शामा' कथेच्या निकालाने वाङ्मयीन दर्जा आणि अश्लीलता हे दोन प्रश्न वेगळे असल्याचे दाखवून दिले. रहस्यकादंबरी पारखताना धाग्यादोऱ्यांचा प्रामाणिकपणा, हेतू, योगायोग आणि भूमीचे भान पाहावे. प्रणयकादंबरी पारखताना अडसर, नायिकेची इच्छा, भाषा आणि भोवतालचे जग पाहावे. आवडीला कारणाची जोड दिली की अभिप्राय तयार होतो, आणि अभिप्रायाला परंपरेची व तत्त्वांची जोड दिली की समीक्षेचा आरंभ होतो. त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे स्वतःशी खरे बोलणे.

५.१० पारिभाषिक शब्द

अद्भुतरम्य : असंभाव्य घटना, संकटे व मीलन यांनी युक्त असलेले कथानक.
धागेदोरे : रहस्याच्या उकलीस साहाय्यक ठरणारे, कथेत पेरलेले तपशील.
निवेदनाचा दृष्टिकोन : कथा ज्याच्या नजरेतून सांगितली जाते ती भूमिका.
रहस्यभंग : कथेची उकल वाचकाला अकाली सांगितली जाणे.
साधार : पुराव्यासह किंवा कारणासह मांडलेले.

५.११ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) बाणभट्टाचा 'कादंबरी' हा संस्कृत कथाग्रंथ. (आ) काशीनाथ बाळकृष्ण मराठे. (इ) बाबूराव अर्नाळकर.
प्रश्न – २ : (अ) लेखकाने वाचकाचे लक्ष दुसरीकडे वळवावे, परंतु उकलीस आवश्यक तपशील त्याच्यापासून लपवू नयेत. शेवटी मागे वळून पाहता उकल आपल्यालाही शक्य होती, असे वाचकाला पटावे. (आ) खरा अडसर सामाजिक किंवा मानसिक वास्तवातून येतो व त्याला तोंड देताना पात्रे बदलतात. गैरसमजाचा अडसर एका खुलाशाने दूर होतो आणि पात्रे होती तशीच राहतात.

५.१२ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'प्रणयकादंबरीचा शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून ती वाचनीय नसते.' या मताचा परामर्श घ्या.
(२) 'शामा' कथेवरील खटल्याच्या आधारे वाङ्मयीन दर्जा व अश्लीलता यांतील भेद स्पष्ट करा.
(३) आपण वाचलेल्या कोणत्याही एका रहस्यकादंबरीवर, उकल न सांगता, ३०० शब्दांत अभिप्राय लिहा.

५.१३ उपक्रम

आपल्या गावातील वाचनालयाला भेट द्या. ग्रंथपालांच्या अनुमतीने, अलीकडे वारंवार नेल्या गेलेल्या पाच कादंबऱ्यांची नावे नोंदवा. त्यांपैकी एक कादंबरी वाचा. ती पूर्वी वाचलेल्या, आपल्याहून वयाने मोठ्या अशा एका वाचकाला तिच्याविषयी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. त्यानंतर आपला अभिप्राय लिहा आणि दोन्ही मते शेजारी ठेवून पाहा. मतभेद कोठे आहे आणि तो कशामुळे आहे, हे पाच-सहा वाक्यांत नोंदवून संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवा.